क्रूस गेला, खांब उरला : दमास्कसच्या टांकसाळीतलं एक प्रकरण (इ.स. ६९१–६९७)

पार्श्वभूमी

इ.स. ६९०च्या आसपास दमास्कसच्या बाजारात कोणी सोन्याचं नाणं पुढे केलं, तर त्यावर शत्रूच्या राजाचा चेहरा असे आणि मागच्या बाजूला शत्रूच्या धर्माचं चिन्ह. सीरिया अरबांच्या ताब्यात येऊन अर्धं शतक उलटून गेलं होतं. यार्मूकची लढाई ६३६ची, जेरुसलेम त्यानंतर लगेच पडलेलं. खलिफाची राजधानी दमास्कसमध्ये होती, सैन्य त्याचं, करवसुली त्याची. सोनं मात्र कॉन्स्टँटिनोपलचं, म्हणजे शत्रूच्या बायझंटाइन साम्राज्याचं.

हे नाणं म्हणजे सोलिडस. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ते सुरू केलं. एका रोमन पौंड सोन्यातून ७२ नाणी पाडायची, म्हणजे एकेक साधारण साडेचार ग्रॅमचं. राजे बदलले, लढाया हरल्या, पण वजन आणि कस यांना शतकानुशतकं कोणी फारसा हात लावला नाही. सहाव्या शतकातला प्रवासी कोस्मास लिहितो की, जगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी राष्ट्रं याच नाण्यात व्यापार करतात. (‘कल्लियाना’ या बंदराची नोंद करणारा कोस्मास हाच. ते बंदर म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात.) त्याच शतकातला इतिहासकार प्रोकोपियस तर म्हणतो, की इराणच्या शहेनशहालाही सोन्याच्या नाण्यावर स्वतःचा चेहरा छापता येत नाही. छापला, तर घेणार कोण?

या नाण्यावर काय असे, ते नीट पाहायला हवं, कारण पुढचं सगळं प्रकरण त्या तपशिलांवरच फिरतं. दर्शनी बाजूला सम्राट, हातात पृथ्वीचा गोल, गोलावर क्रूस. मागच्या बाजूला पूर्वी विजयदेवता किंवा देवदूत असायचा. तिबेरियस दुसरा (५७८–५८२) याच्या काळापासून तिथे पायऱ्यांवर उभा केलेला क्रूस आला. जेरुसलेममध्ये, येशूला जिथे क्रुसावर चढवलं त्या गोल्गोथाच्या जागी उभारलेल्या क्रुसाची ती आठवण, असं सहसा मानतात. सम्राट हेराक्लियसने (६१०–६४१) इराण्यांनी पळवून नेलेला मूळ क्रूस ६३०मध्ये जेरुसलेमला परत आणला, तेव्हा तर हे चिन्ह धर्माइतकंच लष्करी विजयाचंही झालं. त्याच्या उत्तरकाळातल्या सोलिडसवर तो स्वतः आणि दोन मुलगे असे तिघे रांगेत उभे दिसतात, तिघांच्याही मुकुटांवर क्रूस. वारस ठरलेला आहे, देव पाठीशी आहे आणि सोनं खरं आहे, ही तीन आश्वासनं एकाच चकतीवर.

अरबांनी सीरिया घेतल्यावर या व्यवस्थेला हात लावला नाही. तांब्याची चिल्लर मात्र त्यांना स्थानिक पातळीवर पाडावी लागली, आणि तीही जुन्याच तोंडावळ्याची. हिम्स शहराच्या तांब्याच्या नाण्यावर क्रूसधारी सम्राट आहेच. त्याच्या शेजारी ग्रीकमध्ये ‘कालोन’ आणि मागे अरबीत ‘तय्यिब’ असं लिहिलेलं. दोन्हींचा अर्थ एकच : चांगलं आहे, घ्या. नाण्यावर ‘हे चांगलं आहे’ असं दोन भाषांत लिहावं लागतं, तेव्हा घेणाऱ्याच्या मनात काय चाललं असेल ते वेगळं सांगायला नको.

अडचण

खलिफांना हे खटकत नव्हतं असं नाही. दमास्कसमध्ये गादीवर बसलेल्या मुआवियाने ६६०च्या सुमारास एक प्रयत्न करून पाहिला होता. त्याची हकिगत एका सीरियाक इतिवृत्तात, मॅरोनाइट ख्रिश्चनांच्या, एका वाक्यात येते : त्याने सोन्याचांदीची नाणी पाडली, पण त्यांवर क्रूस नसल्यामुळे लोकांनी ती स्वीकारली नाहीत. या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा पुरावा हाच. लिहिणारा ख्रिश्चन आहे, त्याला यात थोडा आनंद झाला असणार, हे धरूनही. सीरियातले बहुसंख्य लोक तेव्हा ख्रिश्चन होते, कर भरणारेही तेच. त्यांच्या लेखी क्रूस हा श्रद्धेचा विषय होताच, पण त्याहून व्यवहाराची बाब म्हणजे ती सोन्याच्या कसाची खूण होती.

त्यानंतर वीस वर्षांनी खिलाफतीत यादवी पेटली. मक्केत इब्न अल-झुबैरने स्वतःला खलिफा घोषित केलं. अब्द अल-मलिक ६८५मध्ये दमास्कसच्या गादीवर आला तेव्हा इराक, इराण, हिजाझ त्याच्या हाताबाहेर होते. उत्तरेकडून बायझंटाइनांनी उचल खाऊ नये म्हणून त्याने सम्राटाशी तह केला. थिओफानीस या बायझंटाइन इतिवृत्तकारानुसार त्याची किंमत होती रोज एक हजार सोन्याची नाणी, एक घोडा आणि एक गुलाम. शिवाय सायप्रस, आर्मेनिया आणि आयबेरियाचा (म्हणजे आजच्या जॉर्जियातल्या भागाचा, स्पेनचा नव्हे) महसूल निम्मानिम्मा. म्हणजे सम्राटाचा चेहरा असलेली नाणी गोळा करून पुन्हा सम्राटालाच पाठवायची.

यादवीतल्या विरोधकांनी एक गोष्ट आधीच करून ठेवली होती. हिजरी ६६–६७मध्ये इराणातल्या बिशापूरच्या झुबैरी अधिकाऱ्याने सासानी (इस्लामपूर्व इराणी राजघराण्याच्या) धाटणीच्या चांदीच्या नाण्यावर, राजाच्या चेहऱ्याभोवतीच्या कडेला, ‘मुहम्मद अल्लाहचा प्रेषित’ हे शब्द घातले. प्रेषिताचं नाव असलेली ही आजवर माहीत असलेली सर्वांत जुनी नाणी. धर्माच्या नावाने लढणाऱ्या दोन पक्षांत एकाच्या नाण्यावर प्रेषित आणि दुसऱ्याच्या खजिन्यात क्रूस, ही तुलना दमास्कसला परवडणारी नव्हती.

अब्द अल-मलिकने ६९२मध्ये यादवी जिंकली. जेरुसलेममधल्या ‘डोम ऑफ द रॉक’वर हिजरी ७२ (इ.स. ६९१–९२) हे साल लिहिलेलं आहे. आतल्या मोझेइकमध्ये झाडं, दागिने, मुकुट आहेत. माणूस किंवा प्राणी एकही नाही. आणि लांबच लांब लेख आहे : देव एक आहे, त्याने कोणाला जन्म दिला नाही, येशू हा मर्यमचा पुत्र आणि देवाचा प्रेषित आहे, ‘तीन’ म्हणू नका. ख्रिश्चनांच्या पवित्र शहरात, त्यांच्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर, त्यांना उद्देशून लिहिलेला हा मजकूर. इमारतीवर हे लिहिणाऱ्या माणसाच्या खिशातलं नाणं मात्र अजून उलटच बोलत होतं.

नेमक्या याच सुमारास पलीकडून चाल आली. सम्राट जस्टिनियन दुसरा याने सोलिडसची मांडणीच उलटवली. दर्शनी बाजूला सम्राट नाही, ख्रिस्त : लांब केस, भरघोस दाढी, डोक्यामागे क्रूस, एक हात आशीर्वादासाठी उचललेला, दुसऱ्या हातात ग्रंथ. लेख : ‘येशू ख्रिस्त, राज्य करणाऱ्यांचा राजा’. सम्राट मागच्या बाजूला गेला, पायऱ्यांवरचा क्रूस हातात धरून उभा, आणि त्याच्याभोवती ‘जस्टिनियन, ख्रिस्ताचा दास’. रोजच्या चलनी नाण्यावर मुख्य प्रतिमा म्हणून ख्रिस्त येण्याची ही पहिलीच वेळ.

हे नाणं खलिफाला डिवचायला काढलं, असं बरेचदा लिहिलं जातं. मला ते तितकंसं पटत नाही. जस्टिनियनने ६९१–९२मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या राजवाड्यात भरवलेल्या धर्मसभेने ८२व्या नियमात सांगितलं होतं, की ख्रिस्त यापुढे कोकराच्या रूपात नको, माणसाच्या रूपात दाखवा. नाणं त्या घरगुती वादाचं अपत्य जास्त दिसतं. आधी ख्रिस्ताचं नाणं की आधी खलिफाचे बदल, यावरही अभ्यासकांचं एकमत नाही. पण दमास्कसच्या बाजूने पाहिलं तर हेतू काय होता याने फरक पडत नव्हता. क्रूस निदान एक चिन्ह होतं. आता नव्या सोन्यावर ‘राजांचा राजा’ म्हणून ज्याचा चेहरा येत होता, तो देवाचा पुत्र नाही असं खलिफाने नुकतंच भिंतीवर लिहून ठेवलेलं.

समोरचे मार्ग

या निर्णयाची टिपणं उरलेली नाहीत. टांकसाळ बहुधा दमास्कसमध्येच होती, पण दिनारांवर, म्हणजे खलिफाच्या सोन्याच्या नाण्यांवर, गावाचं नाव नाही आणि ठसे खोदणाऱ्यांपैकी एकाचंही नाव आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. तरी कोणकोणते पर्याय विचारात घेतले गेले ते कळतं, कारण त्यातला जवळजवळ प्रत्येक पर्याय प्रत्यक्ष नाण्यात पाडून पाहिला गेला.

लिखित स्वरूपात एक सल्ला मात्र सापडतो. नवव्या शतकातला अल-बलाधुरी सांगतो : इजिप्तचा पपायरस कागद बायझंटाइनांकडे जाई आणि तिकडून दिनार येत. अब्द अल-मलिकने कागदाच्या माथ्यावर ‘सांग, अल्लाह एक आहे’ असं लिहायला लावलं. सम्राटाने धमकी दिली, हे थांबवा, नाहीतर तुमच्या प्रेषिताबद्दल तुम्हाला न आवडणारा मजकूर आमच्या दिनारांवर येईल. खलिफाने खालिद बिन यझीदला विचारलं. तो म्हणाला, त्यांचे दिनार वापरायला बंदी करा आणि स्वतःचे पाडा.

गोष्ट झकास आहे, आणि तशी खरीही असेल. पण घटनेनंतर दीडदोनशे वर्षांनी लिहिलेली ही कथा सगळा निर्णय एका बैठकीत उरकते. नाणी तसं सांगत नाहीत. ती चारपाच वर्षांची चाचपणी दाखवतात, आणि बलाधुरीच्या शहाण्या सल्लागारापेक्षा मला त्या चाचपणीवर जास्त विश्वास ठेवावासा वाटतो.

काहीच न करणं हा पहिला पर्याय होता आणि तो वाटतो तितका मूर्खपणाचा नव्हता. बायझंटाइन सोनं फुकट विश्वासार्हता देत होतं. हिशेबाची दप्तरंही तेव्हा ग्रीकमध्येच चालत. खजिन्याचं काम सरजून बिन मन्सूर या ख्रिश्चन घराण्यातल्या माणसाकडे होतं. (पुढे प्रतिमापूजेच्या बाजूने सर्वांत समर्थपणे लिहिणारा दमास्कसचा जॉन याच घराण्यातला. ख्रिस्ताच्या प्रतिमेचा कैवार खलिफाच्या राज्यात राहून घेतला गेला, आणि त्याच वेळी ख्रिश्चन सम्राट त्या प्रतिमा उतरवत होता!) दुसरा पर्याय, जुनीच प्रतिमा ठेवून फक्त खटकणारं तेवढं खरवडायचं. तिसरा, सम्राटाच्या जागी खलिफा. चौथा, क्रुसाच्या तोडीचं स्वतःचं चिन्ह शोधायचं. आणि शेवटचा, चित्रच नको.

काय केलं

सुरुवात दुसऱ्या पर्यायाने झाली. हेराक्लियस आणि दोन मुलांचं जुनं, सगळ्यांच्या ओळखीचं नाणं घेतलं. जस्टिनियनचं चालू नाणं नाही, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. नक्कल करायला त्यांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा मेलेला सम्राट निवडला. तिघे तसेच उभे, फक्त मुकुटांवरचे क्रूस गायब. मागच्या बाजूला पायऱ्या तशाच, त्यावरचा उभा दांडा तसाच, पण आडवी पट्टी काढून टाकलेली आणि टोकाला एक गोळा. क्रुसाचा खांब झाला. त्याच्याभोवती अरबीत : अल्लाहच्या नावाने, अल्लाहशिवाय देव नाही, तो एकटा, मुहम्मद अल्लाहचा प्रेषित.

हे काम कारागिराच्या नजरेतून बघावं. हातभर अंतरावरून पाहिलं तर नाणं तेच. तीन उभ्या आकृत्या, पायऱ्या, मधोमध उभी रेघ, कडेने अक्षरं. ज्याला ग्रीक-लॅटिन वाचता येत नाही त्याला अरबीही कुठे येतंय? वजन बायझंटाइनच ठेवलं. सराफाच्या तराजूला काही कळणार नाही आणि डोळ्याला जेमतेम कळेल, असा हा बदल. मुआवियाच्या नाण्यांवर नेमकं काय होतं ते माहीत नसलं तरी त्याची फजिती टांकसाळीच्या आठवणीत होती, असं या सावधपणावरून वाटतं.

पहिला खरा निर्णयाचा क्षण इथे येतो. ही नाणी सीरियात चालली असावीत. तक्रार आली ती सीमेपलीकडून. थिओफानीस म्हणतो, की खंडणीत नव्या प्रकारची नाणी पाठवल्यावर जस्टिनियनने ती नाकारली आणि तह मोडला. खलिफाचं म्हणणं, वजन बरोबर आहे, मग घ्यायला काय हरकत? सम्राटाच्या लेखी वजन हा मुद्दाच नव्हता. ६९२–९३च्या सुमारास सेबास्टोपोलिसजवळ लढाई झाली. अरबांनी मोडलेला तह भाल्याला लावून निशाणासारखा पुढे धरला. सम्राटाच्या सैन्यातली स्लाव्ह तुकडी ऐन वेळी फितूर झाली आणि बायझंटाइन हरले.

या पराभवामुळे टांकसाळीचे हात मोकळे झाले. खंडणी संपली, त्यामुळे आपलं सोनं कॉन्स्टँटिनोपलला पसंत पडायला हवं ही अटही संपली. त्यानंतरची नाणी एकदम धीट आहेत.

हिजरी ७४ (इ.स. ६९३–९४) पासून दिनारावर खलिफा स्वतः उभा राहिला. मोकळे लांब केस, दाढी, अंगात लांब अरबी झगा, हात कमरेच्या तलवारीवर. जस्टिनियनच्या नाण्यावरही सम्राट पूर्ण उभा आहे. दोन्ही शेजारी ठेवली तर एकाच्या हातात क्रूस, दुसऱ्याच्या हातात तलवारीची मूठ. तांब्याच्या नाण्यांवर हाच खलिफा हलब, हिम्स, अम्मान, हर्रानपर्यंत अनेक गावांत पाडला गेला, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी शेजारी नाव आहे : ‘अल्लाहचा दास अब्द अल-मलिक, श्रद्धावंतांचा सेनापती’. तिकडे ख्रिस्ताचा दास, इकडे अल्लाहचा दास. भांडणाऱ्या दोघांची नम्रतासुद्धा एका साच्यातली.

चांदीत याच वर्षांत आणखी मोकळे प्रयोग चालले होते, कारण तिथे मूळ नमुना सासानी होता : पुढे शहेनशहाचा चेहरा, मागे अग्निकुंड आणि दोन रक्षक. एका प्रकारात अग्निकुंडाच्या जागी कमान आणि तिच्यात उभा भाला आला. अभ्यासक त्याला ‘मिहराब आणि अनझा’ म्हणतात. क्रुसाला, अग्निकुंडाला उत्तर देणारं इस्लामचं चिन्ह शोधायचा हा सर्वांत सरळ प्रयत्न होता. तो रुजला नाही. बसरा भागात खलिफाचा भाऊ बिश्र याच्या नाण्यांवर हात वर उचललेली आकृती आली, तीही तीन वर्षांत संपली.

मग हिजरी ७७ (६९६–९७). या एकाच सालाचे दोन प्रकारचे दिनार मिळतात. एकावर तलवारवाला खलिफा, दुसऱ्यावर चित्रच नाही. म्हणजे निर्णय वर्षाच्या मध्येच कधीतरी झाला आणि एक साचा बाजूला ठेवून दुसरा हातोड्याखाली आला.

नव्या दिनारावर दोन्ही बाजूंना फक्त कोनीय कूफी अक्षरं. एका बाजूला मध्यभागी ‘अल्लाहशिवाय देव नाही, तो एकटा, त्याला भागीदार नाही’. कडेने मुहम्मद हा त्याचा प्रेषित, त्याला मार्गदर्शन आणि सत्यधर्म देऊन सर्व धर्मांवर वरचढ ठरवण्यासाठी पाठवलं. दुसऱ्या बाजूला ‘अल्लाह एक, अल्लाह शाश्वत, त्याने जन्म दिला नाही, त्याला जन्म दिला गेला नाही’, आणि कडेने : हा दिनार सत्याहत्तर साली पाडला. जेरुसलेमच्या भिंतीवरचा युक्तिवाद जवळजवळ शब्दशः हातात मावेल एवढ्या चकतीवर आला. खलिफाचं नाव नाही, टांकसाळीचंही नाही.

स्वतःची प्रतिमा नाण्यावर आणून चार वर्षांत ती स्वतःच काढून टाकणारा राज्यकर्ता इतिहासात सहज सापडणार नाही. का काढली? धार्मिक मंडळींची नाराजी हे नेहमीचं उत्तर, आणि त्यात तथ्य असेलही. मला दुसरं कारणही दिसतं. सम्राटाच्या पोशाखातला असो की झग्यातला, उभा राजा हा खेळ बायझंटाइनांचा होता. त्यात खलिफा कितीही देखणा कोरला तरी तो सम्राटाची आवृत्तीच दिसणार. समोर साक्षात ख्रिस्त असताना त्याची बरोबरी नुसत्या राजाच्या चित्राने होत नव्हती. शब्दांकडे वळल्यावर मात्र तुलनेचं मैदानच बदललं.

याच टप्प्यावर वजनही बदललं, हे फार कमी वेळा सांगितलं जातं. आतापर्यंत ४.४ ग्रॅमच्या आसपास असलेला दिनार ४.२५ ग्रॅमवर आला. ही नवी पायरी नेमकी कुठून घेतली यावर वाद आहेत. व्यवहारातला परिणाम मात्र साध्या गणिताने कळतो. शंभर जुनी नाणी वितळवली तर सोन्याच्या हिशेबाने नवे १०३-१०४ दिनार निघतात. जुनं नाणं तसंच फिरवण्यापेक्षा टांकसाळीत आणण्यात कोणाचा तरी फायदा होता, खजिन्याचा तर नक्कीच. बंदीने जे पुरतं साधलं नसतं, ते या फरकाने भट्टीकडे ओढलं असणार.

परिणाम

हिजरी ७८–७९पासून चांदीचा दिरहमही असाच अक्षरांचा झाला. त्यावर मात्र टांकसाळीचं गाव लिहिलं गेलं. दिनाराचा मजकूर अब्द अल-मलिकच्या उमय्या घराण्याच्या अखेरीपर्यंत, म्हणजे ७५०पर्यंत, तोच राहिला. खलिफा बदलत गेले, नाण्यावर फक्त साल बदललं. दप्तरांची भाषाही याच दशकात बदलली : इराकमध्ये फारसीची जागा, सीरियात ग्रीकची जागा अरबीने घेतली. मधल्या चाचपणीची सोन्याची नाणी इतकी दुर्मिळ आहेत, कारण ती बहुतेक सगळी पुन्हा वितळवली गेली.

पश्चिमेला हा बदल एका फटक्यात झाला नाही. उत्तर आफ्रिका आणि स्पेनमध्ये आठव्या शतकाच्या सुरुवातीला अरबांनी ‘देवाशिवाय देव नाही’ हे वाक्य चक्क लॅटिनमध्ये, आखूड करून, दिनारावर घातलं. तिथल्या लोकांना वाचता येईल अशा लिपीतला तो मधला टप्पा होता, आणि दमास्कसने जो घेतला नाही तो.

जस्टिनियनचं काय झालं? ६९५मध्ये त्याला पदच्युत करून नाक कापून हद्दपार केलं. त्याच्या जागी आलेल्या लिओन्तियोसने ख्रिस्ताची प्रतिमा लगेच काढून टाकली आणि आपला चेहरा दर्शनी बाजूला आणला. जस्टिनियन ७०५मध्ये परतला, त्याच्याबरोबर ख्रिस्तही परतला, पण वेगळा : आखूड कुरळे केस, विरळ दाढी. ७११मध्ये सम्राट मारला गेला आणि प्रतिमा पुन्हा गेली. नंतर प्रतिमाभंजनाचा काळ आला. थेट ८४३नंतर, मायकेल तिसरा याच्या राज्यात, प्रतिमापूजा परत आली तेव्हा खोदकारांनी जस्टिनियनचं पहिलं नाणं समोर ठेवून त्यावरून ख्रिस्त कोरला. तिथून पुढे बायझंटाइन सोन्यावर ख्रिस्त कायमचा झाला.

या देवाणघेवाणीतला मला सर्वांत आवडणारा दुवा ७२०चा आहे. सम्राट लिओ तिसरा याने मुलाच्या राज्याभिषेकाच्या वेळी चांदीचं नवं नाणं काढलं, मिलियारेसियन. पातळ, पसरट, एका बाजूला पायऱ्यांवरचा क्रूस आणि ‘येशू ख्रिस्त विजयी’, दुसऱ्या बाजूला चित्रच नाही; पाच ओळींत राजांची नावं. ही मांडणी अरबी दिरहमची. कित्येक मिलियारेसियन तर दिरहमवरच दुसरा ठसा मारून केलेली आहेत आणि खालची अरबी अक्षरं अजून पुसट दिसतात.

इंग्लंडमधल्या मर्सियाच्या ऑफा राजाने हिजरी १५७ (इ.स. ७७४)च्या अब्बासी दिनाराची नक्कल केली आणि मधोमध ‘ऑफा रेक्स’ लिहिलं, अरबीच्या तुलनेत उलटं. कलमा कोरतोय हे खोदणाऱ्याला माहीत असण्याची शक्यता नाही. आपल्या बाजूला, हिजरी ४१८–४१९मध्ये (इ.स. १०२७–२८), महमूद गझनवीने लाहोरजवळच्या महमूदपूर टांकसाळीत दिरहम पाडले, त्यांवर एका बाजूला अरबी कलमा आणि दुसऱ्या बाजूला शारदा वळणाच्या लिपीत त्याचं संस्कृत रूप : ‘अव्यक्तमेकं मुहम्मद अवतार नृपति महमूद’. मूर्ती फोडणारा म्हणून ज्याची ख्याती, त्याच्याच टांकसाळीत प्रेषिताला ‘अवतार’ म्हटलं गेलं. हिम्सच्या ‘कालोन–तय्यिब’मागे जी गरज होती, तीच इथेही आहे. पुढे दिल्ली आणि दख्खनच्या सुलतानांपासून नुसत्या अक्षरांचं नाणं आपल्याकडे इतकं रुळलं, की ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ एवढंच लिहिलेल्या शिवराईवर चित्र का नाही, असा प्रश्न आपल्याला पडत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

खंडणी जुन्याच सोलिडसमध्ये भरत राहणं शक्य होतं. देशात नवं चलन, सीमेपलीकडे जुनं. तसं केलं असतं तर तहाचा भंग निदान या कारणाने झाला नसता आणि जस्टिनियनला भांडणाचं निमित्त मिळालं नसतं. पण लढाई झाली नसती तर खंडणीही सुटली नसती, आणि तिच्यासाठी दरवर्षी बायझंटाइन सोनं साठवावं लागलं असतं. खलिफाने मुद्दाम डिवचलं, की नेहमीच्या कारभारात नवी नाणी त्या थैल्यांत गेली, हे थिओफानीस सांगत नाही. सेबास्टोपोलिसला स्लाव्ह फुटले नसते तर आज आपण हाच निर्णय आततायी म्हणून शिकवला असता.

तलवारवाल्या खलिफाचा टप्पा टाळता आला असता का? हेराक्लियसच्या नकलेवरून थेट अक्षरांवर उडी मारली असती तर चार वर्षं वाचली असती. मला वाटतं, तिथे मुआवियासारखाच फटका बसण्याची भीती खरी होती. उभ्या आकृतीने लोकांना दोन गोष्टींची सवय लावली : कडेचा मजकूर अरबी असतो, आणि मागे क्रूस नसतो. आकृती गेली तेव्हा काढण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

जस्टिनियनच्या बाजूने पाहिलं तर त्याचा डाव कमकुवत होता तो वेळेमुळे. सोलिडसची ताकद त्याच्या न बदलण्यात होती, आणि नेमका तिला पर्याय तयार होत असताना त्याने स्वतःच तो तोंडावळा बदलला. नवं चित्र त्याच्या एकट्याच्या नावाशी इतकं जोडलं गेलं, की तो गेल्यावर ते ठेवणं पुढच्या माणसाला गैरसोयीचं झालं. हीच प्रतिमा धर्मसभेचा निर्णय म्हणून, सम्राटाची मागची बाजू न बदलता, हळूहळू आणली असती तर लिओन्तियोसला ती काढणं जड गेलं असतं.

अक्षरांच्या नाण्याचीही किंमत होती, आणि ती आतून आली. कुराणाचं वचन असलेली वस्तू अशुद्ध अवस्थेतल्या माणसाच्या, इतर धर्मीयांच्या हातात जाते, शौचाला जाताना कमरेला असते, यावर धार्मिक मंडळींनी आक्षेप घेतला. इराकचा सुभेदार अल-हज्जाज याने पाडलेल्या दिरहमांना ‘मकरूहा’, म्हणजे नावडती, असं नाव पडल्याची नोंद आहे. त्यावर उपाय होता : वचन न घालता फक्त साल, गाव आणि खलिफाचं नाव लिहायचं. पण मग ख्रिस्ताच्या प्रतिमेला उत्तर देणारं नाण्यावर काहीच उरलं नसतं, आणि जिंकलेल्या यादवीनंतर खलिफाचं नाव पुन्हा वादाचा विषय झालं असतं. टांकसाळीने आक्षेप ऐकून घेतले आणि मजकूर तसाच ठेवला. नावं ठेवलेले ते दिरहमही लोक कर भरायला वापरत राहिले.